स्वर्गातली उतरंड

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनासाठी सर्व धर्मांच्या लोकांची गर्दी होते. ती प्रार्थना मारियामातेची. चर्च मात्र मायकलच्या नावाचे. हा मायकल, मराठी बायबलातला मीखाएल, सैतानाच्या सैन्याशी लढणारा स्वर्गाचा सेनानी. पण ख्रिस्ती परंपरेने देवदूतांच्या ज्या नऊ श्रेणी मानल्या, त्यांत आद्यदेवदूतांची, म्हणजे मायकलची, श्रेणी वरून आठवी लागते. सेनापती शेवटून दुसऱ्या पायरीवर कसा? या प्रश्नाचा माग काढत गेले की ध्यानात येते, ही उतरंड बायबलने रचलेलीच नाही.

बायबलमध्ये देवदूत हे मुळात एका कामाचे नाव आहे. हिब्रूतला ‘मलाख’ आणि ग्रीकमधला ‘अँगेलोस’ या दोन्ही शब्दांचा साधा अर्थ निरोप्या. राजाने पाठवलेल्या माणसालाही हेच शब्द लागतात. आपल्याकडे फारसीतून आलेला ‘फरिश्ता’ही पाठवलेला याच अर्थाचा, ‘प्रेषित’ या संस्कृत शब्दाच्या कुळातला. संत ऑगस्टिनने तर स्पष्टच म्हटले होते, की हे नाव हुद्द्याचे आहे, स्वरूपाचे नव्हे.

या निरोप्यांखेरीज बायबलमध्ये आणखी काही विलक्षण जीव आहेत. यशया संदेष्ट्याला देवाच्या सिंहासनाभोवती सहा पंखांचे सराफीम दिसले. हाच हिब्रू शब्द अन्यत्र जळजळीत विषाच्या सापांसाठी आला आहे. करूब एदेन बागेच्या वाटेवर पहारा करतात. यहेज्केलाच्या दर्शनात त्यांना माणूस, सिंह, बैल आणि गरुड अशी चार तोंडे आहेत. युरोपीय चित्रकारांनी पुढे त्यांचीच गुबगुबीत बाळे केली, हा भाग वेगळा. पौलाच्या दोन पत्रांत राजासने, अधिपत्ये, सत्ता, अधिकार अशी नावे ओघात येतात. दोन्ही याद्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि कोण कोणाच्या वर, हेही पौल सांगत नाही.

ते सांगितले इसवी सन ५००च्या आसपास एका ग्रीक लेखकाने, बहुधा सीरियातल्या संन्याशाने. आपल्या ग्रंथात त्याने ही सारी नावे गोळा करून तीन-तीनांचे तीन थर लावले. वर सराफीम, करूब, राजासने; मध्ये अधिपत्ये, सामर्थ्ये, अधिकार; खाली सत्ता, आद्यदेवदूत आणि शेवटी साधे देवदूत. ईश्वराचा प्रकाश सर्वांत आधी वरच्यांना मिळतो, तेथून तो पायरीपायरीने खाली झिरपतो आणि माणसांशी प्रत्यक्ष गाठ फक्त शेवटच्यांची पडते. या रचनेसाठी त्याने वापरलेला ‘हायरार्किया’ हा शब्दही त्यानेच घडवला असे मानतात. आज कंपन्यांपासून लष्करापर्यंत सगळीकडे वापरला जाणारा ‘हायरार्की’ हा शब्द असा देवदूतांच्या चर्चेतून आला आहे.

पण एक अडचण होती. यशयाच्या ओठांना वेदीवरचा निखारा लावायला खुद्द एक सराफ उडत येतो. पहिल्या पायरीवरचा थेट माणसापर्यंत आला तर उतरंड फुटते. लेखकाने त्यावर एक अख्खे प्रकरण खर्ची घातले. त्याने दिलेला एक तोडगा असा, की आला तो खालचाच देवदूत, पण त्याने आपल्या कृतीचे श्रेय वरिष्ठ सराफाला दिले. सरकारी पत्रावर ‘जिल्हाधिकारी करिता’ म्हणून कनिष्ठाची सही असते, तसेच हे.

या ग्रंथावर लेखक म्हणून नाव आहे डायोनिसियसचे. पौलाचे भाषण ऐकून ख्रिस्ती झालेला अथेन्सचा हा गृहस्थ पहिल्या शतकातला. पौल आपण तिसऱ्या स्वर्गापर्यंत नेल्या गेलेल्या माणसाला ओळखतो असे लिहितो, तो माणूस म्हणजे तोच. तेव्हा त्याच्या शिष्याला स्वर्गाची खडान्‌खडा माहिती असणारच, असा हिशेब झाला. इ. स. ५३२मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या वादसभेत बिशप हिपेशियस यांनी विचारले होते, ग्रंथ इतका जुना असेल तर आधीच्या आचार्यांनी त्याचा उल्लेख कसा केला नाही? प्रश्न बिनतोड होता, पण पुढे तो जवळजवळ हजार वर्षे विसरला गेला. पंधराव्या शतकात लोरेंझो वाल्लाने तो पुन्हा उकरला, इरॅस्मसने तो लावून धरला. १८९५मध्ये श्टिगलमायर आणि कोख या दोन जर्मन अभ्यासकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की लेखकाने ४८५मध्ये वारलेल्या प्रोक्लस या ग्रीक तत्त्वज्ञाचे विचार उचलले आहेत.

नाव उसने होते म्हणून ग्रंथ टाकाऊ ठरत नाही. त्यातले चिंतन खोल आहे. पण उसन्या नावाने मिळालेल्या अधिकाराचा उपयोग कुठे होतो, ते याच लेखकाच्या एका पत्रात दिसते. डेमोफिलस नावाच्या संन्याशाने, पापी माणसाला दया दाखवणाऱ्या पुरोहिताला हुसकावून लावले. लेखक त्याला क्षमेचा धडा देतो, तो योग्यच. पण पुढे बजावतो, की पुरोहित चुकला असता तरी त्याला सुधारणे हे संन्याशाचे काम नव्हे. बिशप, पुरोहित, डीकन, मग संन्यासी, मग सामान्य जन: स्वर्गातली उतरंड अशी जमिनीवर उतरते, आणि ‘उतरंड’ हा शब्द कशासाठी वापरला जातो हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

पोप ग्रेगरी (पहिले) यांनी मधल्या श्रेणींचा क्रम थोडा वेगळा लावला होता. दान्तेने त्यावर गंमत केली: स्वर्गात पोचल्यावर खरा क्रम पाहून ग्रेगरी स्वतःलाच हसले! कॅल्विनला मात्र हसू आले नाही. त्याच्या मते ही सगळी पोकळ बडबड होती.

सामान्य भाविकांना श्रेणींपेक्षा नावे हवी होती. ७४५मध्ये रोमच्या धर्मसभेने आल्डेबर्ट नावाच्या उपदेशकाला दोषी ठरवले, कारण त्याच्या प्रार्थनेत मीखाएलखेरीज सगळी अनोळखी नावे होती. मीखाएल, गब्रीएल, राफाएल ही तीनच नावे मान्य राहिली. या तिघांचा सण २९ सप्टेंबरला येतो. त्यानंतर तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, प्रत्येक माणसामागे राहणाऱ्या राखणदार देवदूतांचा, म्हणजे नवव्या पायरीवरच्यांचा सण असतो. सराफीमांसाठी रोमन दिनदर्शिकेत असा वेगळा दिवस नाही.