पू न होणारी जखम

नंजनगूडच्या देवाचं नावच विषावरून पडलं आहे. कन्नडमध्ये ‘नंजु’ म्हणजे विष. ते प्यायलेला तो नंजुंडेश्वर, म्हणजे आपला नीलकंठ. टिपू सुलतानाच्या हत्तीचे गेलेले डोळे इथे बरे झाले, अशी आख्यायिका आहे, म्हणून याला ‘हकीम नंजुंड’ही म्हणतात. दुखणं घेऊन माणसं कपिलेच्या काठी येतात आणि नदीत बुडी मारतात.

कर्करोग झालेल्या मुलालाही एका अर्थी विषच देतात, पण तोलूनमापून. केमोथेरपीची पहिली औषधं मस्टर्ड वायूच्या कुळातली. भराभर वाढणाऱ्या पेशी ती मारतात, आणि हाडांच्या मगजातल्या रक्त घडवणाऱ्या पेशीही तशाच भराभर वाढणाऱ्या असतात. निरोगी मोठ्या माणसाचा मगज रोज सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल घडवतो. जंतूंवर सर्वांत आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या याच. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत ‘काउंट’, म्हणजे रक्तातल्या या पेशींचे आकडे, तळाला जातात. ते जितके खाली आणि जितके दिवस खाली, तितका जंतुसंसर्ग जास्त, हे जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ल्युकेमियाच्या ५२ रुग्णांवरून दाखवलं. ते दर मायक्रोलिटरला ५०० च्या खाली गेले की वॉर्डात सगळे सावध होतात.

खरं नवल पुढेच आहे. पू म्हणजे बहुतांशी लढून मेलेले न्यूट्रोफिल. लढणारेच नसले तर पू होत नाही, जखम फारशी लालही होत नाही, न्यूमोनिया असून छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. मूल आतून पेटलेलं असतं आणि खूण एकच उरते, ताप. म्हणून ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नये. ती एकुलती खूणही पुसली जाते. ताप दिसला की रिपोर्टची वाट न पाहता, शक्यतो तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात.

जंतू बरेचदा मुलाच्याच पोटातले असतात. केमोनं तोंड येतं तसं आतड्याचं अस्तरही सोलवटतं, तिथून ई. कोलाय, क्लेब्सिएला रक्तात उतरतात. आपल्याकडच्या रुग्णालयांत हे जंतू अनेकदा भारी औषधांनाही दाद देत नाहीत, ही मोठी काळजीची गोष्ट आहे.

जंतूंची दुसरी वाट सेंट्रल लाइनची, म्हणजे औषधासाठी मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीची. औषध सोडण्याआधी सिस्टर तिचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पंधराएक सेकंद घासते, मग वाळू देते. ते वाळेपर्यंतचे क्षण घाईत गाळले जातात, आणि नेमके तेच मोलाचे असतात. या वाटेनं शिरू शकणारा स्युडोमोनास हा ओल्या जागी राहणारा जंतू नदीत, नळात, बादलीतही असतो.

म्हणून कपिलेतली बुडी काउंट वर येऊन लाइन निघेपर्यंत थांबते, यात्रेची गर्दीही. प्रसादाला नंजनगूडचं रसबाळे केळं मात्र चालतं: बाहेरून धुवून, स्वच्छ हातांनी, खायच्या वेळीच सोललेलं.