वेष्टनाआडचे माप

आपल्या व्यापारात मालाची पारख डोळ्याने, हाताने आणि तराजूने होते. जीवनसत्त्वाच्या गोळीपुढे मात्र हे तिन्ही साक्षीदार मुके होतात. वेष्टनावर जितके मिलिग्राम छापले, तितके गोळीत असूनही ते ग्राहकाच्या अंगी किती लागेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

उग्र चव झाकावी व ओलीपासून आतील द्रव्य राखावे, म्हणून गोळीवर साखरेचा किंवा पातळ पापुद्र्याचा लेप चढवितात. परंतु हा लेप वेळेवर सुटला पाहिजे. रिबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषले जाते. ती जागा मागे पडल्यावर गोळी फुटली, तर बराचसा ऐवज वाया जातो.

हे आधी कसे ओळखावे? १९५४ साली चॅपमन, क्रिसाफिओ व कॅम्बेल ह्या कॅनडातील संशोधकांनी ह्याच जीवनसत्त्वाच्या साखरलेपित गोळ्या घेतल्या. शोषलेले रिबोफ्लेविन मूत्रावाटे उतरते व मोजता येते. गोळी प्रयोगपात्रात फुटण्यास लागणारा वेळ आणि माणसांच्या मूत्रात उतरलेले जीवनसत्त्व, ह्यांचा त्यांनी मेळ घातला. फार उशिरा फुटणाऱ्या गोळ्यांचे जीवनसत्त्व कमी उतरले. पात्रातील वेळेवरून पोटातील फळाचा अंदाज बांधता येऊ लागला.

आज इंडियन फार्माकोपियाच्या रीतीने सहा गोळ्या ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात वरखाली हलवून पाहतात. पातळ पापुद्र्याची गोळी ३० मिनिटांत व साखरलेपित गोळी ६० मिनिटांत फुटावी, असा दंडक आहे. तथापि फुटणे म्हणजे विरघळणे नव्हे, आणि विरघळणे म्हणजे शोषले जाणे नव्हे. अ, ड, ई व के ह्या जीवनसत्त्वांना तर जेवणातील स्निग्धांश आणि पित्त ह्यांचे साहाय्य लागते. तेथे पाण्याचा कौल अपुरा पडतो; अखेरचा निवाडा मानवी देहाचाच.

माप कमी देणे हा अचौर्यव्रताचा अतिचार होय, हे आपण बालपणापासून ऐकत आलो. गोळीचे माप कारखान्यात ठरते, हे खरे; पण ते दुकानातही बिघडू शकते. ओल आणि उष्णता लेपाचा गुण पालटवितात. म्हणून औषधविक्रेत्या बंधूंनी गोळ्या कोरड्या, थंड जागी ठेवाव्या, मुदत उलटलेला माल फळीवरून उतरवावा आणि केवळ स्वस्ताईला भुलून अनोळखी माल घेऊ नये, अशी आमची विनंती आहे. ग्राहकाला जे माप पाहता येत नाही, त्याची राखण आपल्या सचोटीनेच व्हावयाची आहे.