‘बोग’ शब्दाची कुळकथा

रशियांत कोणी कोणाचे आभार मानतो तेव्हां ‘स्पासीबो’ म्हणतो. ‘देव तुझें रक्षण करो’ हा त्यांतील मूळचा आशीर्वाद. शेवटचें ‘बो’ हें देववाचक ‘बोग’ शब्दाचें झिजलेलें रूप होय. सर्ब व बल्गेरियन लोकांत हा शब्द ‘बोग’ असाच आहे. पोलिश भाषेंत तो ‘बुग’ आणि चेक भाषेंत ‘बूह’ झाला. इतक्या दूरवर पांगलेल्या स्लाव लोकांत देवाचें नांव एकच असावें, यावरून तें त्यांच्या पांगापांगीच्या पूर्वींचें, हें उघड आहे.

परंतु ‘बोग’ म्हणजे देव, एवढ्यावर थांबणारा मनुष्य पुढें हटकून फसतो. पोलिश भाषेंत ‘बोगाती’ म्हणजे श्रीमंत आणि ‘उबोगी’ म्हणजे दरिद्री. यांतील ‘उ’ हा अभावदर्शक उपसर्ग आहे. मग दरिद्री तो देवहीन, असें हे लोक मानीत होते कीं काय? तसें मुळींच नाहीं. येथें ‘बोग’ म्हणजे वांटा, नशिबानें पदरीं आलेलें धन. ज्याचा वांटा भरपूर तो बोगाती. ज्याच्या वांट्यास कांहींच आलें नाहीं तो उबोगी. कैलासवासी मनुष्यास चेक लोक ‘नेबोश्तीक’ म्हणतात, त्याचाही मूळ अर्थ ‘बिचारा, अभागी’ एवढाच. त्यांत नास्तिकपणाचा ठपका नाहीं. धान्यास पोलिश शब्द ‘झ्बोझे’ असा आहे, तोही ह्याच घराण्यांतला. त्याचें चेक भावंड मात्र बाजारांत जाऊन बसलें. तेथें त्याचा अर्थ विक्रीचा माल.

मराठी कानास हें सारें परकें वाटूं नये. संस्कृतांत ‘भज्’ म्हणजे वांटणें. त्यावरून भाग, भाग्य आणि भग हे शब्द झाले. ऋग्वेदांतील भग हा वैभव वांटून देणारा आदित्य. ‘भक्त’ शब्दाचा एक जुना अर्थ वांटून दिलेलें अन्न असा असून त्याचाच मराठी पानांतला ‘भात’ झाला. पोलिश शेतकऱ्याचें झ्बोझे आणि कोंकणांतला भात हे असे एकमेकांचे दूरचे नातलग ठरतात!

‘बोग’ हा शब्द स्लावांचा वडिलोपार्जित कीं इराणी शेजाऱ्यांकडून आलेला, याविषयीं पंडितांत वाद आहे. दरायस राजाच्या शिलालेखांत देवास ‘बग’ म्हटलें आहे आणि काळ्या समुद्राच्या उत्तरेस इराणी वंशाचे शक लोक दीर्घकाळ राहत होते. शिवाय ‘देव’ ह्या शब्दाचा इराणांत दैत्य झाला, तसा स्लावांतही ‘दिव’ नांवाचा एक अशुभ प्राणी आढळतो. हें साम्य केवळ योगायोगाचें मानणें कठीण आहे. मात्र शब्दाचें रूप दोन्ही पक्षांस सारखेंच जुळतें, म्हणून निकाल लागत नाहीं.

कीव्हच्या जुन्या बखरींत इ. स. ९८० मध्यें व्लादिमिरानें टेकडीवर मूर्ति उभारल्याची नोंद आहे. त्यांत ‘दाझ्बोग’ नांवाचा एक देव होता. नांवाचा अर्थ भाग्य देणारा. इ. स. ९८८ मध्यें व्लादिमिरानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला व त्या मूर्ति पाडविल्या. ‘बोग’ शब्द मात्र पाडण्याचें कारण पडलें नाहीं, इ. स. ८६३ मध्यें मोराव्हियांत गेलेल्या सिरिल व मेथोडियस या बंधूंच्या ग्रंथभाषेंत ख्रिस्ती ईश्वरास तोच शब्द योजला गेला होता.