विश्लेषण : संगणकाचा ‘ड्रायव्हर’ चुकतो, तेव्हा चूक शोधणे इतके अवघड का?

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातील विंडोज संगणक एकामागून एक निळे पडू लागले. विमानतळ, बँका, रुग्णालये यांचे कामकाज अडले. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. क्राऊडस्ट्राईक या सायबर सुरक्षा कंपनीने पाठवलेला एक छोटासा अपडेट त्याला कारणीभूत होता. कंपनीने तो ७८ मिनिटांत मागे घेतला. पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणकांना फटका बसला होता. एवढ्याशा चुकीने अख्खा संगणक का कोसळतो, आणि अशा चुका शोधणाऱ्या तंत्रज्ञांच्या हातातील साधने अपुरी का पडतात, याविषयी…

ड्रायव्हर म्हणजे काय आणि तो इतका नाजूक का?

प्रिंटर, वाय-फाय, कॅमेरा, ग्राफिक्स कार्ड अशा प्रत्येक उपकरणाशी संगणकाचे बोलणे ज्या प्रोग्राममार्फत होते, त्याला डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात. मोबाइलमधील एखादे अ‍ॅप बंद पडले तर बाकीचा फोन चालू राहतो, कारण ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र कप्प्यात ठेवते. बहुतेक ड्रायव्हर मात्र ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे ‘कर्नेल’मध्ये चालतात. तेथे कप्पे नसतात. ड्रायव्हरने चुकीच्या जागी हात घातला, तर स्वतःला आणखी नुकसान होऊ नये म्हणून कर्नेल सगळेच थांबवते. क्राऊडस्ट्राईकच्या प्रकरणात नेमके हेच झाले. तेथील ड्रायव्हर एखाद्या उपकरणाचा नव्हता, तर सुरक्षा यंत्रणेचा होता; पण राहायचा कर्नेलमध्येच. २१ रकान्यांची माहिती अपेक्षित होती, प्रत्यक्षात २० रकाने मिळाले. एकविसावा वाचायला गेलेला कोड स्मृतीच्या हद्दीबाहेर पोहोचला आणि यंत्र कोसळले.

हा धोका नवा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्सचा कोड तपासला, तेव्हा ड्रायव्हरमधील चुकांचे प्रमाण उरलेल्या कर्नेलच्या तुलनेत तीन ते सात पट असल्याचे आढळले. विंडोज एक्सपीच्या काळात नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होत असल्याचा उल्लेख २००३ मधील एका शोधनिबंधात आहे.

दोष शोधण्यात नेमकी अडचण कोणती?

साध्या प्रोग्राममधील चूक शोधण्यासाठी डीबगर नावाचे साधन वापरतात. हव्या त्या ओळीवर प्रोग्राम थांबवायचा, त्या क्षणी कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते पाहायचे, एकेक ओळ पुढे जायचे. प्रोग्राम थांबला तरी खालची ऑपरेटिंग सिस्टीम चालू असते, म्हणून हे शक्य होते. ड्रायव्हरच्या बाबतीत थांबवायचे असते ते कर्नेललाच. कर्नेल थांबले की कीबोर्ड, स्क्रीन, डिस्क, नेटवर्क सारेच थांबते. मग डीबगरने चालायचे कशावर?

त्यातही उपकरण थांबत नाही, ही दुसरी पंचाईत. प्रोसेसर ब्रेकपॉइंटवर गोठलेला असताना नेटवर्क कार्डावर पॅकेट येतच राहतात, पलीकडच्या यंत्राचा धीर सुटून जोडणी तुटते. गाड्यांतील किंवा कारखान्यातील नियंत्रक बोर्डांवर तर ‘वॉचडॉग’ टायमर असतो. ठरावीक वेळेत कर्नेलने हालचाल दाखवली नाही, तर तो बोर्ड आपोआप रीसेट करतो. चूक पाहायला थांबावे, तर पाहायचे दृश्यच नाहीसे होते.

दोन संगणक का लागतात?

या कोड्यावर विंडोजमध्ये शोधलेला उपाय म्हणजे दोन यंत्रे. एकावर ड्रायव्हर चालतो, दुसऱ्यावर ‘विनडीबीजी’ हा डीबगर, आणि दोघांमध्ये केबल. पूर्वी ही केबल सिरियल पोर्टची असे. लॅपटॉपवरून सिरियल पोर्ट गायब झाला. यूएसबीवरून हे काम करता येते, पण त्यासाठी विशिष्ट केबल आणि यंत्रावरचा विशिष्ट पोर्ट लागतो. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर नेटवर्कवरून कर्नेल डीबग करण्याची सोय आली आणि बराच दिलासा मिळाला. मात्र ती ठरावीक नेटवर्क कार्डांवरच चालते. ज्याला नेटवर्क कार्डाचाच ड्रायव्हर तपासायचा आहे, त्याला दुसरी वाट शोधावी लागते.

एकाच यंत्रावर सारे काम करणारे ‘सॉफ्टआइस’ हे साधन एकेकाळी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचे लाडके होते. एक कळ दाबली की विंडोज जागच्या जागी गोठायची आणि डीबगरची चौकट समोर यायची. २००६ मध्ये त्याचा विकास थांबला.

व्हर्च्युअल मशीनचा मार्ग स्वस्त आणि सोपा आहे. दुसरा संगणक खरोखर नसतो, तो सॉफ्टवेअरमध्येच उभा केलेला असतो. पण ज्या खऱ्या चिपचा ड्रायव्हर लिहायचा, ती चिप बहुधा तेथे नसते. त्यामुळे ड्रायव्हरचा जो भाग प्रत्यक्ष उपकरणाशी बोलतो, तोच तपासायचा राहून जातो.

लिनक्समध्ये डीबगरलाच विरोध का होता?

लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००० साली आपल्याला डीबगर आवडत नाहीत, असे जाहीरपणे सांगितले होते. डीबगर हाताशी असला की माणसे लक्षणावर मलम लावतात; तो नसला की कोड नीट वाचून, समजून घेऊन दुरुस्ती करतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. या मतामुळे ‘केजीडीबी’ हे साधन अनेक वर्षे मुख्य लिनक्सबाहेर राहिले. ज्याला हवे त्याने पॅच लावून घ्यायचा, आणि कर्नेलची नवी आवृत्ती आली की पुन्हा तीच कसरत. अखेर २००८ मध्ये २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबीला प्रवेश मिळाला.

टॉरवाल्ड्स यांच्या युक्तिवादात तथ्य नव्हते असे नाही. पण तो आपला कोड कोळून प्यायलेल्या माणसाचा युक्तिवाद होता. ड्रायव्हर लिहिणारा अभियंता अनेकदा दुसऱ्याने लिहिलेला कोड, तिसऱ्याने बनवलेली चिप आणि चौथ्याने लिहिलेले अर्धवट माहितीपत्रक यांच्यामध्ये उभा असतो. चूक कोडमध्ये आहे की चिपमध्ये, हेच त्याला आधी ठरवायचे असते.

डीबगर मिळाल्यानंतरही सारे सुरळीत झाले नाही. लिनक्स कर्नेल कंपायलरच्या ऑप्टिमायझेशनशिवाय बांधताच येत नाही. परिणामी एकेक ओळ पुढे जाताना डीबगर मागे-पुढे उड्या मारतो आणि नेमके हवे ते व्हेरिएबल ‘ऑप्टिमायझेशनमध्ये गेले’ असे सांगून मोकळा होतो.

नुसते लॉग छापून काम भागत नाही?

बहुतेक वेळा भागते. कर्नेलमधील ‘प्रिंटके’ या फंक्शनने जागोजागी संदेश छापत जाणे, ही आजही सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत आहे. पण तिचीही किंमत आहे. सिरियल पोर्टचा प्रचलित वेग सेकंदाला १,१५,२०० बिट, म्हणजे साधारण ११,५०० अक्षरे. ८० अक्षरांची एक ओळ पाठवायला सुमारे सात मिलिसेकंद लागतात. प्रोसेसरच्या हिशेबात हा प्रचंड काळ. तेवढ्यात तो लाखो सूचना पार पाडतो. दोन प्रोसेसर एकाच माहितीवर एकाच क्षणी धावून गेल्यामुळे होणारी चूक अशी ओळ घातली की वेळेचे गणित बदलून नाहीशी होते. ओळ काढली की परत हजर. पाहू गेले की लपणाऱ्या अशा चुकांना भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांच्या नावावरून ‘हायझेनबग’ म्हणतात.

लिनक्सला ‘रिअल टाइम’ बनवण्याचा सुमारे दोन दशके चाललेला प्रकल्प २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मुख्य प्रवाहात पूर्णत्वाला गेला, तेव्हा शेवटच्या अडसरांपैकी एक होता हा प्रिंटकेच. संदेश छापताना इतर कामे न अडवणे, पण यंत्र कोसळताना शेवटचा संदेश मात्र हमखास बाहेर काढणे, या दोन्ही मागण्या एकत्र बसवायला काही वर्षे गेली.

तुलनेने हलका पर्याय म्हणजे २००८ पासून लिनक्समध्ये असलेले ‘एफट्रेस’. ते नोंदी पोर्टवर न पाठवता स्मृतीतच ठेवते, त्यामुळे वेळेचे गणित फारसे बिघडत नाही. पण यंत्रच कोसळले तर स्मृतीतील नोंदी वाचायच्या कशा, हा प्रश्न उरतोच.

यंत्र कोसळल्यावर हाती काय लागते?

मरणाऱ्या कर्नेलने आपली स्मृती डिस्कवर उतरवावी, अशी व्यवस्था दोन्हीकडे आहे. तिला ‘क्रॅश डंप’ म्हणतात. लिनक्समध्ये त्यासाठी राखीव स्मृतीत दुसरे छोटे कर्नेल आधीच तयार ठेवतात; पहिले कोसळले की दुसरे उठून पंचनामा करते. मात्र उपकरणे रीसेट झालेली नसतात. ज्या उपकरणाने पहिल्याला पाडले, ते गोंधळलेल्या अवस्थेतच दुसऱ्याच्या वाट्याला येते आणि कधी कधी तेही अडकते. शिवाय डंप वाचायला नेमक्या त्याच आवृत्तीची ‘सिम्बॉल’ फाइल हवी. ग्राहकाकडून डंप आला, पण ती आवृत्ती बांधतानाची फाइल जपून ठेवलेली नाही, तर हाती नुसते आकडे उरतात.

सुरक्षेमुळे काम वाढले आहे का?

होय. हल्लेखोराला कर्नेलची आतली रचना कळू नये म्हणून २०१८ मधील ४.१५ या आवृत्तीपासून लिनक्स लॉगमध्ये स्मृतीचे खरे पत्ते छापण्याऐवजी सांकेतिक आकडे छापते. २०१९ मध्ये ५.४ या आवृत्तीत ‘लॉकडाऊन’ आले. ते लागू असले की प्रशासकालाही कर्नेलच्या आत डोकावण्याचे अनेक मार्ग बंद होतात. विंडोजमध्ये कर्नेल डीबगिंग सुरू करण्यापूर्वी ‘सिक्युअर बूट’ आणि ‘बिटलॉकर’ तात्पुरते थांबवावे लागू शकतात. यातील प्रत्येक निर्णय सामान्य वापरकर्त्याच्या हिताचाच आहे. पण चोरासाठी लावलेले कुलूप डॉक्टरलाही अडवते. आणि संरक्षण काढून तपासलेले यंत्र हे ग्राहकाकडे कोसळलेल्या यंत्रासारखे तंतोतंत राहत नाही.

नवी साधने कुठे कमी पडतात?

गेल्या काही वर्षांत साधने खूप सुधारली, हे मान्य करायला हवे. विंडोजचा ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ ड्रायव्हरला मुद्दाम अडचणीत टाकून त्याची परीक्षा घेतो. लिनक्समध्ये २०१५ पासून असलेले ‘कासान’ स्मृतीचा गैरवापर जागच्या जागी पकडते. पण त्याच्या नोंदींसाठी एकूण स्मृतीचा आठवा हिस्सा लागतो आणि यंत्र लक्षणीय मंदावते. म्हणून ते प्रयोगशाळेत चालते, ग्राहकाच्या यंत्रावर नाही. २०२१ मध्ये आलेले ‘केफेन्स’ फक्त काही नमुने तपासते. ते हलके आहे, पण चूक त्याच्या जाळ्यात सापडणे हा योगायोगाचा भाग.

कुलुपांच्या क्रमातील चुका शोधणारे ‘लॉकडेप’ पहिली चूक सापडताच स्वतः बंद होते. ती दुसऱ्याच कुणाच्या ड्रायव्हरमध्ये असली, तर आपल्या ड्रायव्हरची तपासणी तेथेच थांबते. आधी शेजाऱ्याचे घर दुरुस्त करा, मग आपले, असा हा प्रकार. शिवाय अनेक उपकरणे प्रोसेसरला न विचारता थेट स्मृतीत लिहितात. ड्रायव्हरने चुकीचा पत्ता दिला आणि उपकरणाने तेथे लिहून टाकले, तर कासानला त्याचा पत्ताही लागत नाही. खुणा उमटतात त्या भलत्याच ठिकाणी, कदाचित काही तासांनी.

मग मार्ग काय?

एक दिशा आहे ड्रायव्हरच कर्नेलबाहेर काढण्याची. अ‍ॅपलने २०१९ पासून ‘ड्रायव्हरकिट’द्वारे हा मार्ग धरला. जुलै २०२४ च्या धड्यानंतर मायक्रोसॉफ्टनेही सुरक्षा उत्पादनांना कर्नेलबाहेर काम करता यावे, यासाठी पावले उचलली. बाहेर आलेल्या ड्रायव्हरला साधा डीबगर चालतो, आणि तो पडला तरी यंत्र उभे राहते. पण जेथे वेग कळीचा, तेथे हा बदल सहज परवडत नाही. दुसरी दिशा आहे रस्ट भाषेची. स्मृतीच्या अनेक चुका कोड बांधतानाच पकडणाऱ्या या भाषेला २०२२ अखेरीस ६.१ या आवृत्तीत लिनक्सचे दार उघडले. अर्थात, चिपच चुकीची वागत असेल तर रस्टही तिला सुधारू शकत नाही.

लक्षात घेण्याजोगी बाब ही की, क्राऊडस्ट्राईकची चूक दोषशोधनाच्या दृष्टीने सोप्या प्रकारातील होती. प्रत्येक यंत्र प्रत्येक वेळी, सुरू होतानाच, त्याच जागी कोसळत होते. म्हणून कारण लवकर सापडले. तरीही दुरुस्तीसाठी असंख्य ठिकाणी माणसाला यंत्रापाशी जाऊन ‘सेफ मोड’मध्ये एक फाइल हाताने पुसावी लागली. आठवड्यातून एकदा, एखाद्याच ग्राहकाकडे, विशिष्ट केबल जोडल्यावरच होणारा बिघाड बातमी होत नाही. पुण्या-बंगळूरुपासून तैवानपर्यंतच्या प्रयोगशाळांत अभियंत्यांच्या रात्री खर्ची पडतात त्या अशा बिघाडांपायी. आणि वेळेत न सापडलेली चूक अखेर पोहोचते ती ‘बंद करून पुन्हा सुरू करा’ एवढाच उपाय हाती असलेल्या वापरकर्त्यापर्यंत.