चाचणी हेही विज्ञानच

कणभौतिकीतला शोध जाहीर झाला की सिद्धांत मांडणाऱ्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचतात, पण पुरावा गोळा करणारे उपकरण कोणी पारखून घेतले याची दखल सहसा घेतली जात नाही. सिलिकॉन डिटेक्टरच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष अन्यायाची आहे, कारण तिथे रचना आणि चाचणी ही एकच विद्या आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा, 'बेल–२' प्रयोगातला वाटा याची साक्ष देतो. या प्रयोगात जपानमध्ये त्सुकुबा येथे ७ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन आणि ४ अब्जांचे पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवले जातात. त्यातून जन्मणारी बी-मेसॉनची जोडी सेकंदाच्या सुमारे दीड लक्षकोट्यांशानंतर विघटित होते. दोघांची विघटनस्थळे सरासरी १३० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम दोन केसांच्या जाडीइतकी, दूर असतात. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वागणुकीतला फरक शोधायचा तर हे अंतर मोजावे लागते. त्यासाठी पिक्सेल डिटेक्टरभोवती १७२ सिलिकॉन पट्टी-संवेदकांचे चार थर रचले आहेत. त्यांतल्या एका थराच्या जुळणीची जबाबदारी टीआयएफआरच्या गटाकडे होती. ते काम जपानमधल्या कावली संस्थेत झाले.

हे काम किती नाजूक आहे ते संवेदकाच्या अंतरंगातून कळते. सुमारे ३०० मायक्रॉन जाडीच्या सिलिकॉनमधून भारित कण गेला की वीसेक हजार इलेक्ट्रॉन सुटे होतात. उलट्या दिशेने दिलेल्या विद्युतदाबामुळे ते एका पृष्ठाकडे ओढले जातात आणि त्यांच्यामागे उरलेली रिक्त स्थाने दुसऱ्या पृष्ठाकडे सरकतात. दोन्ही पृष्ठांवरच्या पट्ट्या परस्परांना काटकोनात असल्याने कण कुठून गेला ते कळते. इतक्या क्षीण संकेताला गळतीच्या प्रवाहाचा गोंगाट सहज गिळून टाकतो. म्हणून विद्युतदाब हळूहळू वाढवत प्रत्येक टप्प्याला गळती मोजतात. आलेख अचानक उसळला तर त्या संवेदकात खोट आहे असे समजायचे.

खरी कसोटी जुळणीत लागते. टीआयएफआरच्या थरातल्या प्रत्येक शिडीत, म्हणजे संवेदकांच्या एका रांगेत, तीन संवेदक असून पुढचा तिरपा बसतो. मधल्या संवेदकाच्या दोन्ही बाजू वाचणाऱ्या चिप एकाच बाजूला ठेवल्या आहेत, म्हणजे थंडाव्यासाठी एकच नळी पुरते. पलीकडच्या बाजूचे संकेत आणण्यासाठी लवचीक सर्किट संवेदकाच्या कडेवरून दुमडून चिकटवतात. गोंद जास्त झाला तर तो पसरतो आणि कमी पडला तर टाके घालताना आधार मिळत नाही. टाके म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन जाडीच्या ॲल्युमिनियमच्या तारा. नमुन्याच्या तारा मुद्दाम ओढून तोडतात आणि किती बळाने तुटल्या याची नोंद ठेवतात. पूर्ण झालेल्या शिडीतल्या संवेदकांच्या जागा पुन्हा मोजतात आणि एकेक पट्टी संकेत देते की नाही ते तपासतात.

ही कारागिरी आहे, विज्ञान नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. त्याला अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या सीडीएफ प्रयोगाचे उत्तर आहे. तिथे चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या काही सिलिकॉन एककांचे टाके चालू प्रयोगात तुटू लागले. वाचनाच्या तालावर तारांतला प्रवाह बदलत होता, चुंबकीय बलामुळे तारा थरथरत होत्या, आणि ताल त्यांच्या नैसर्गिक कंपनाशी जुळला की त्या तुटत होत्या. प्रयोगशाळेत तशीच परिस्थिती उभी केल्यावर कारण उलगडले. तार कुठे तुटेल हे आधी ताडायचे तर विद्युतचुंबकत्व आणि पदार्थविज्ञान दोन्ही यावे लागतात. डिटेक्टर एकदा यंत्रात बसवून बंद केला की तिथपर्यंत हात पोहोचवणे अतिशय कठीण. म्हणून बिघाडाची कल्पना आधी करणे हाच रचनेचा गाभा ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: 'बेल–२'च्या या संवेदकांचे उत्पादन भारतात झाले नाही. ते खरे आहे, पण आपल्याला ते जमतच नाही असा निष्कर्ष चुकीचा ठरेल. सर्नमधल्या सीएमएस प्रयोगाच्या प्रीशॉवर डिटेक्टरसाठी सुमारे १,००० सिलिकॉन संवेदक बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार झाले आणि त्यांच्या विकासात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा मोठा वाटा होता. ते ज्ञान टिकवायचे तर मागणीत खंड पडता कामा नये, कारण असे कसब कागदावर उरत नाही, ते माणसांच्या हातात आणि नोंदवह्यांत टिकते.

पाण्याची चिंता वाहणाऱ्या, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गंगापूरसारख्या तालुक्याला याचे काय, हा प्रश्नही टाळू नये. याच तालुक्यात वाळूजचा औद्योगिक पट्टा आहे. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत जिग, सीएमएम मशीन, रिजेक्शन हे शब्द रोजचे आहेत. मायक्रॉनची भाषा तिथल्या कामगाराला परकी नाही. मात्र त्या कारखान्यातून डिटेक्टरकडे जाणारी वाट आपोआप तयार होत नाही. स्वच्छकक्ष, सूक्ष्म टाके घालण्याचे यंत्र आणि गळतीचा प्रवाह मोजण्याची सोय जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला हाताळायला मिळाली पाहिजे. पाणी आणि प्रयोगशाळा यांतून एकाची निवड करायला लावणे हा खोटा पेच आहे, कारण काटेकोर मोजमापाची शिस्त दोन्हीकडे लागते. टीआयएफआरच्या गटाने कुशल हात आणि चिकित्सक बुद्धी एकाच टेबलावर आणली. तसे टेबल मुंबईबाहेरही उभे राहावे आणि तिथे घडणाऱ्या तंत्रज्ञाला संशोधकाचा मान मिळावा. भारताने पुढच्या प्रयोगांत केवळ जुळणीचा वाटा न उचलता संवेदकाच्या रचनेतही अधिकाराने बोलावे, असे वाटत असेल तर सुरुवात इथूनच करावी लागेल.