कॅलेंडरवरचे आमचे वर्ष

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून रात्री उशिरा आम्ही कोपर स्टेशनला उतरलो. घरी येऊन पाय धुताना दादांच्या तळपायातून रक्त येताना दिसले. चपलेतून खिळा आत शिरला होता आणि दादांना ते कळलेही नव्हते.

दादांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी दवाखान्यात जखम साफ करून धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. एचबीए१सी ही तपासणीही झाली. गेल्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी किती राहिली, हे त्यातून कळते. ती खूपच वाढलेली निघाली. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. मग जखम दुखत नाही, लवकर भरतही नाही. वेळीच लक्ष दिले नाही तर पाय कापण्याची वेळ येते.

हे झाले कसे? घरी येऊन भिंतीवरचे कॅलेंडर काढले. दुधाचा खाडा, गॅसची तारीख, दादांच्या गोळ्या, सगळे आम्ही त्यावरच लिहितो. एप्रिलमध्ये जयंतीची धावपळ, पण गोळ्यांची नोंद आहे. मे महिन्यात आई गेली. जलदानविधी, पुण्यानुमोदन, पाहुण्यांची ये-जा. ऑगस्टमध्ये धाकटीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, वस्तीभर पेढे वाटले. मे महिन्यानंतर मात्र गोळ्यांची एकही नोंद नाही. दुःखात औषध राहिले आणि आनंदातही राहिले. दादा आईच्या आठवणीने रात्र-रात्र जागे असत. आम्ही म्हणायचो, "पुरुषासारखा पुरुष, मन घट्ट करा." ते आमचे चुकले.

१९३५ साल आठवा. २७ मे रोजी माता रमाई राजगृहात गेल्या. जूनमध्ये बाबासाहेब मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १३ ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. पाच महिन्यांत एवढे सारे. रमाईंच्या जाण्याने बाबासाहेबही खचले होते. त्या शोकाला कोणी दुबळेपणा म्हणत नाही. पुढे मधुमेहाने त्यांनाही गाठले, तेव्हा डॉ. सविता म्हणजे माईसाहेब त्यांचे औषध-पथ्य जातीने पाहत.

तथागतांनी आठ लोकधम्म सांगितले आहेत: लाभ-अलाभ, यश-अयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख. ते कोणालाच चुकत नाहीत. त्यांच्या तडाख्यात मन सावध ठेवायचे, ही शिकवण आहे. शरीराची काळजी त्याच सावधपणात येते, असे आम्हाला आता वाटते.

म्हणून घरोघरी सांगतो, वर्ष संपताना कॅलेंडर एकदा उलटून पाहा. चांगले काय झाले, वाईट काय झाले आणि त्या दिवसांत कोणाचे औषध, जेवण, झोप सुटली, हे सगळ्यांनी मिळून बघा. नव्या कॅलेंडरवर तपासणीच्या तारखा आधीच लिहा.

घरात मधुमेह असेल तर रोज रात्री दोन्ही तळपाय उजेडात पाहा. स्वतःला दिसत नसतील तर दुसऱ्याने पाहावेत. अनवाणी फिरू नका. चप्पल घालण्यापूर्वी झटकून घ्या. जखम झाली तर हळद-चुना लावून वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बरे वाटते म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, असे कोणाचे असेल तर तेही दुखणेच समजा. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. फोन मोफत असून दिवस-रात्र चालू असतो, मराठीतही बोलता येते. जगणे नको, असे कोणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका, लगेच रुग्णालयात न्या.

दादांची जखम आता भरत आली आहे. रोज संध्याकाळी वंदना झाली की धाकटी बॅटरी घेऊन त्यांच्या पायाशी बसते. तेवढ्यात आईचा विषय निघतो आणि दादा बोलू लागतात. आम्ही आता त्यांना थांबवत नाही.

जय भीम!