परसबागेत उंदराला थारा देऊ नका



घरामागच्या परसात मोरीच्या सांडपाण्यावर वांग्याची चार झाडे, दोडक्याचा एखादा वेल, कोथिंबिरीचा वाफा आणि कडेला रताळ्याची एक सरी असली, की आठवड्याच्या बाजारात भाजीवर पैसा मोडावा लागत नाही. ही बाग बहुधा घरातल्या सासू-सुनांच्या हाताखाली वाढते. आणि एके दिवशी सकाळी पाहावे तो पिकू लागलेला टोमॅटो अर्धा खाल्लेला, काकडीला भोक पडलेले, रताळी काढायला जावे तर मातीत नुसती साले. मग घरचा कर्ता तालुक्याच्या बाजारातून उंदराच्या औषधाची पुडी आणतो. त्या पुडीच्या आधी काय करायचे, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

माझ्या हातून झालेली चूक

आधी माझीच चूक सांगतो. गोष्ट १९९९ सालची. नोकरीत मी नवा होतो. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या भाताच्या एका गावात दिवाळीनंतर कापणी उरकली आणि रिकाम्या खाचरांतले उंदीर घरांकडे वळले. एका घरच्या आजींनी मला परसात नेऊन उकरलेला भुईमूग आणि कुरतडलेले टोमॅटो दाखवले. शेतासाठी जी शिफारस असते तीच मी परसाला लागू केली. झिंक फॉस्फाईड भरड्यात आणि तेलात कालवून बिळाशी ठेवा, असे सांगितले आणि पुढच्या गावाला निघून गेलो.

आठ दिवसांनी परत गेलो. दोन उंदीर मेले होते. घरची मांजरीही मेली होती. आणि तीन वर्षांचा नातू परसात खेळताना आमिषाचा गोळा मुठीत धरून बसलेला आजींना दिसला होता. त्याने तो तोंडाला लावण्याआधी आजींनी हातावर चापट मारून तो पाडला, म्हणून निभावले. आजी माझ्यावर रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "साहेब, भाजी गेली तर मी परत लावीन. पोर कुठनं आणू?"

उंदीर मात्र महिन्याभरात पुन्हा तेवढेच झाले. तेव्हापासून परसबागेच्या बाबतीत विषाचे नाव मी सर्वांत शेवटी घेतो.

उंदीर पुन्हा का वाढतात?

उंदराला उलटी करता येत नाही. त्यामुळे नवा पदार्थ दिसला की तो आधी थोडासाच चाखून पाहतो. त्यात जहाल विष असेल आणि तो आजारी पडून वाचला, तर त्या पदार्थाला पुन्हा तोंड लावत नाही. जे मरतात त्यांची जागा शेजारच्या परसातले उंदीर घेतात, कारण बीळ आयते आणि खाणे तयार. शिवाय उंदराची मादी गाभण राहिल्यापासून तीन आठवड्यांच्या आसपास विते आणि एका वेतात पाच-सहा पिल्ले सहज होतात. तेव्हा चार उंदीर मारून काम भागत नाही. त्यांचा थारा मोडला पाहिजे.

आधी चोर ओळखा

परसातली प्रत्येक नासाडी उंदराचीच असते असे नाही. रोप जमिनीलगत कापून तिथेच पडले असेल, तर बुडाची माती बोटाने उकरून पाहा. वेटोळे घातलेली मऊ अळी सापडली तर ती रोपे कुरतडणारी अळी. पानावर चकचकीत चिकट रेघ दिसली तर गोगलगाय. दिवसाढवळ्या फळ खाऊन झाडावर पळते ती खार. रात्रीत फळ पोखरले गेले आणि त्यावर दोन दातांच्या जोड खुणा दिसल्या, तर उंदीर.

उंदरांतही फरक आहे. बिळाच्या तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग असेल तर ते घुशीचे काम. ती जमिनीखालून येते आणि रताळी, भुईमूग, गाजर यांवर तिचा डोळा असतो. लांब शेपटीचा घरातला उंदीर आढ्यावर, कौलाखाली राहतो, उत्तम चढतो आणि वेलावरची फळे खातो. चिचुंद्री मात्र उंदराच्या जातीची नाही. ती किडे खाते. तिला मारू नका.

संशय असेल तर संध्याकाळी वाफ्याच्या कडेने चाळलेली राख पसरा. सकाळी पावले आणि शेपटीची रेघ दिसली की चोराची वाट कळते. दिसतील तेवढी बिळे संध्याकाळी चिखलाने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू बिळे. पुढचे सारे काम तिथेच करायचे.

थारा मोडा

सांडपाण्यामुळे परसातली माती उन्हाळ्यातही ओली आणि मऊ राहते. शेते वाळून जातात तेव्हा उंदराला पाणी, खाणे आणि खणायला सोपी जमीन परसातच मिळते. वर आपण तिथेच कडेला गोवऱ्या, जळण, जुनी कौले आणि कडबा रचून त्याला घर बांधून देतो.

म्हणून पहिले काम सफाईचे. बागेच्या चारी बाजूंनी तीन फुटांचा पट्टा अगदी मोकळा ठेवा. तिथे ना गवत, ना ढीग. उघड्यावरून जायला उंदीर घाबरतो. जळण दगडांवर फळ्या टाकून दीड फूट उंच रचा, म्हणजे खालून झाडता येईल आणि मांजराला शिरता येईल. खरकटे उघड्या उकिरड्यावर टाकू नका, खड्ड्यात टाकून वर माती ओढा. कोंबड्यांचे दाणे रात्री उचलून ठेवा. पिकलेले फळ रोजच्या रोज तोडा आणि खाली पडलेले सूर्यास्ताआधी वेचा. मोरीचे पाणी एका जागी साचू न देता पाटाने झाडांना फिरवा. या कामांना पैसा लागत नाही, रोजची पाव तासाची सवय लागते.

वाट अडवा

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून तो सतत कुरतडतो. प्लॅस्टिकची जाळी, पोते, बांबूचा तट्ट्या त्याच्यापुढे टिकत नाही. कोंबड्यांच्या खुराड्याची मोठ्या भोकांची जाळीही उपयोगाची नाही. जस्ताचा मुलामा दिलेली तारेची जाळी घ्या. अर्ध्या इंचाची जाळी मोठ्या उंदराला आणि घुशीला अडवते, लहान उंदरासाठी पाव इंचाची लागते. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो.

सगळ्या परसाला जाळी लावणे परवडत नाही आणि तशी गरजही नाही. रताळी, गाजर, भुईमूग यांसाठी एकच वाफा राखून ठेवा. त्याच्या कडेने जाळी दीड फूट जमिनीत गाडा आणि तळाशी अर्धा फूट बाहेरच्या बाजूला वळवा. घूस कडेलगत उकरत खाली जाते आणि वळवलेल्या जाळीवर अडते. जमिनीवर दोन फूट जाळी पुरे. चढणाऱ्या उंदराला मात्र ती अडवणार नाही, त्याच्यासाठी पत्रा हवा.

दोडका, काकडी, कारली यांचा मांडव घराच्या भिंतीला किंवा पागोळीला टेकू देऊ नका. मांडवाच्या प्रत्येक मेढीला जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर दीड फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळा. तेलाचा रिकामा डबा कापून तो मिळतो. कोकणात आणि गोव्यात नारळाच्या खोडाला उंदरासाठी पत्रा मारतात, तीच ही युक्ती. पेरलेले बी उकरले जात असेल, तर उगवण होईपर्यंत वाफ्यावर बाभळीचे काटे पसरा.

लसूण, पुदिना लावला की उंदीर येत नाही, असे सांगितले जाते. लसूण-पुदिना घरासाठी जरूर लावा, पण राखणीला त्यांच्यावर विसंबू नका.

तोडलेल्या भाजीचीही राखण हवी. लसणाच्या जुड्या आणि बियाण्याची गाडगी शिंक्यात टांगा. आपल्या आज्या शिंके उगीच बांधत नव्हत्या.

सापळा

परसासाठी सापळा हे सर्वांत चांगले हत्यार. पिंजरा चालेल, चापही चालेल. चाप मात्र मुलांचा आणि कोंबड्यांचा हात-पाय लागणार नाही अशा जागी खोक्याखाली ठेवा. उंदीर भिंतीच्या कडेने चालतो, म्हणून सापळा भिंतीलगत हवा. तेल लावलेला भाकरीचा तुकडा, भाजलेले शेंगदाणे, सुके खोबरे किंवा सुकट लावा. पहिले दोन दिवस सापळा न लावता नुसते खाणे ठेवा. उंदराची भीड मोडली की तिसऱ्या रात्री सापळा लावा. एकावर न थांबता तीन-चार एकदम लावा. चिकट पुठ्ठे परसात ठेवू नका. त्यांवर पाली, पाखरे अडकतात आणि तडफडत मरतात.

मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. चिमट्याने किंवा हातात पिशवी घालून उचला आणि दोन फूट खोल पुरा.

औषध वापरायचेच असेल तर

झिंक फॉस्फाईडवर नेमका उतारा नाही, म्हणून घरात आणि परसात ते वापरूच नका. शेताच्या बांधावर वापरायचे तर कृषी खात्याच्या माणसाला विचारून. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांना तर हातही लावू नका. घराजवळच्या बिळात टाकलेल्या गोळीचा वायू भिंतीच्या फटीतून झोपलेल्या माणसांपर्यंत पोचतो. अगदीच नाइलाज झाला तर ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्या मिळतात. त्या बिळात खोल ढकलून बीळ दगडाने झाका. पण त्या खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो आणि तो मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर त्यांनाही विष बाधते. म्हणून मेलेले उंदीर रोज शोधून पुरा. पुडी स्वयंपाकघरात, मसाल्याच्या फळीवर कधीही ठेवू नका.

चुकून कुणाच्या पोटात विष गेलेच, तर लक्षणांची वाट पाहू नका आणि दूध, मिठाचे पाणी पाजत बसू नका. पुडीचे वेष्टन बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. ब्रोमॅडिओलोनची लक्षणे दिसायला काही दिवस लागतात. के जीवनसत्त्व हा त्यावर उतारा आहे, पण तो डॉक्टरांनीच द्यायचा.

भाजीपेक्षा मोठे नुकसान

उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात येतात. पायाच्या भेगांतून, जखमेतून ते माणसाच्या अंगात शिरतात. पावसाळ्यात परसात अनवाणी काम करणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. पायांत गमबूट घाला, जखम झाकून घ्या, काम झाल्यावर हात-पाय साबणाने धुवा. ताप, अंगदुखी, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना उंदरांचेही सांगा. उंदराने उष्टावलेली भाजी कापून उरलेली वापरू नका, पुरून टाका.

सोबत्यांना जपा

गव्हाणी घुबडाला आपण अपशकुनी म्हणतो, पण रात्रभर ते उंदीरच टिपत असते. धामण बिनविषारी आहे. ती गाईचे दूध पिते ही नुसती समजूत. दोघांनाही मारू नका. आणि एकट्याने न करता आळीतल्या चार घरांनी एकाच आठवड्यात सफाई करावी आणि सापळे लावावेत. नाही तर तुमच्याकडचा उंदीर शेजारी आणि शेजारचा तुमच्याकडे, हा खेळ चालूच राहतो.

त्या आजींच्या परसात मी पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. गोवऱ्यांचा ढीग हलवला, जळण दगडांवर चढवले आणि शेजारच्या तीन घरांसह पिंजरे लावले. उंदीर पुरते संपले नाहीत, पण त्या मोसमात भुईमूग घरात आला. औषधाची पुडी लागली नाही.

तुम्हीही आज संध्याकाळी एवढेच करा : परसातली सगळी बिळे चिखलाने बुजवा आणि सकाळी उठल्यावर कोणती उघडली ते पाहा. पुढचे काम तिथूनच सुरू होईल.